तपासणीआधीचे आठ दिवस

१२ ऑगस्ट
आले एकदाची उरवड्याला! कारखान्यात नर्सची नोकरी आणि दहा मिनिटांच्या अंतरावर लिलामावशींच्या घरात खोली. कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवतात. मावशींचा मुलगा गोरख भट्टीवरच आहे. सूनबाई आजारी आईपाशी माहेरी, मुठ्याला गेल्यात. गोरख कारखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी येतो. तोवर त्याची चार वर्षांची आरोही उंबऱ्यावर पाय हलवत बसते. तिनं मला नाव विचारलं आणि गौतमीचं लगेच ‘गौतू’ करून टाकलं. जेवायला घेवड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. इतकं जेवले की बाकडं माझ्या वजनानं कुरकुरलं. इथं आपलं बस्तान बसणार.

२६ ऑगस्ट
रक्ततपासणीआधी आठ दिवस भट्टीवाल्यांना कॅप्सूल द्यायच्या, असं मॅनेजर निषाद सरांनी सांगितलं. डबी उघडली की कुजक्या अंड्यांचा भपकारा येतो. औषध खरंच आहे. रक्तातल्या शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. पण ते शिशापासून दूर नेलेल्या माणसाला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. शिशातच वावरणाऱ्याला दिलं तर पोटात गेलेलं शिसं उलट जास्त शोषलं जाऊ शकतं. हाडांत मुरलेलं शिसं तसंच राहतं. विहीर उपसली तरी झऱ्यानं पुन्हा भरते, तसं दोनतीन आठवड्यांत रक्तात शिसं परत चढतं. हे मला शिकवलेलं आहे. सरांना म्हटलंही. ते म्हणाले, आकडा चांगला आला की सगळ्यांचंच भलं. मी मान डोलावली. माझी मान पहिल्यापासून अशीच, कुणीही हलवावी.

८ सप्टेंबर
रिपोर्ट आले. गोरखच्या रक्तातल्या शिशाचा आकडा बासष्टवरून एकतीसवर. बासष्टच राहिला असता तर त्याला भट्टीवरून हलवावं लागलं असतं. मावशींनी चक्क माझी दृष्ट काढली. गोरखनं विचारलं, ताई, म्हंजी शिसं गेलं ना समदं? मी हो म्हणाले. लाज वाटली. तरी मावशींनी वाढलेली खीर मी दोनदा मागून घेतली.

४ ऑक्टोबर
गोरख आता कारखान्यात अंघोळ करत नाही. रांगेत अर्धा तास मोडतो आणि आता औषध हाय की, असं म्हणाला. भट्टीच्या कपड्यांतच घरी येतो. आरोही धावत जाऊन गळ्यात पडते. तिच्या गालावर, हातांवर राखाडी ठसे उमटतात, तेच हात ती तोंडात घालते. मी खिडकीतून बघते. सांगायला हवं. पण मग तवा हो का म्हनला, असं त्यानं विचारलं तर?

२३ ऑक्टोबर
आरोहीचं पोट दुखतंय. खात नाही, चिडचिड करते. मावशी म्हणाल्या, जंत झाल्यात. मी जंताचं औषध आणून दिलं. मी, नर्सनं.

१३ नोव्हेंबर
पुन्हा तपासणी आली, पुन्हा कॅप्सूल. आज आरोहीला उचललं तर तिच्या तोंडाला तोच वास. कुजक्या अंड्यांचा. गोरख आपल्या वाट्याची कॅप्सूल फोडून गुळात घालून तिला देतोय. पोरीच्या बी अंगातलं निघंल, म्हणाला. तुमीच तर म्हनला हुता.
आता बंद कर, एवढंच सांगितलं. का, ते नाही सांगितलं. तिचं रक्त तपासायला हवं. तपासलं तर कॅप्सूल कुणी दिल्या हे निघणार. मला माझीच किळस येते.

१९ नोव्हेंबर
आरोहीला माझं नाव आठवेना. ओठ हलवत नुसती बघत राहिली. चालताना तोल जातो. मोजताना चारावर थांबते — पुन्हा एक — पुन्हा चार.
उद्या मावशींना सांगते.

२१ नोव्हेंबर
नाही सांगितलं.

२४ नोव्हेंबर, दुपार
सकाळी आरोहीला फिटचा झटका आला. दुसरा जीपमध्ये, माझ्याच मांडीवर. पुण्यात हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय. गोरख पाळीवर आहे, निरोप गेलाय, अजून पोचला नाही.
डॉक्टरांनी विचारलं, काही विषारी पोटात गेलंय? काही औषध चालू? मावशी म्हणाल्या, आमच्या बाईंना इचारा, त्यास्नी समदं ठावं हाय. सगळे माझ्याकडे वळले.
मी म्हणाले, जंताचं. फक्त जंताचं.

अर्धा तास झाला. आत माझ्या खोट्यावर उपचार चाललेत — त्यांना कसं कळणार —
उठते. सांगते. शिसं आहे, रक्त तपासा, कॅप्सूल मीच —

मावशींनी हात धरलाय. तुमी हाय म्हनून धीर हाय, म्हणतायत. सोडत नाहीत —

दार उघडलं. डॉक्टर. सांगते, आत्ता — पण ते इतके सावकाश का चालत —