पाचवा ठोका

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मुळशीला आलो. सगळा संसार एका टेम्पोत मावला, वर देव्हारा मांडीवर घेऊन मी पुढे बसले. कासारसाईच्या खोलीपेक्षा ही जागा दुप्पट आहे. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा, आणि ओट्यावरून थेट धरणाचं पाणी. संशोधन केंद्र म्हटल्यावर मोठी इमारत असेल असं वाटलं होतं. निघालं पत्र्याच्या छपराचं चार खोल्यांचं घर. हिंजवडीला कंपनीची कॅब चालवून यांची कंबर गेली होती. इथे केंद्राची जीप चालवायची आणि राखण करायची. मी स्वयंपाकाला. आणि माझं अक्षर बघून क्षितिजा मॅडमनी नोंदवहीसुद्धा माझ्याकडेच दिली.

मॅडम एकट्या राहतात. अठ्ठावीसच्या असतील, माहेर चंद्रपूरला. मला शारदाकाकू म्हणतात. मॅडम नको, नुसतं क्षितिजा म्हणा म्हणाल्या. ते काही माझ्या तोंडी यायचं नाही.

नव्या जागेत दूध उतू घातलं. वाटीभरच, आणि खाली परात धरून. सांडलेल्याचा चहा केला तर हे हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले असतील.

५ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमनी काम समजावलं. इथल्या झाडांवरच्या नऊ शेकरूंच्या छातीला एकेक पट्टी चिकटवली आहे, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. पदार्थविज्ञानाच्या कुणा सरांनी बनवलेली. तिला सेल नाही, वायर नाही. खालचं काळीज हललं की ती वाकते, वाकली की कणभर वीज होते, आणि तेवढ्यावर यंत्राला ठोका कळतो. काळीज नाही तर पट्टी मुकी. पडद्यावर नऊ ओळी दिसतात, प्रत्येक शेकराची एक. मी सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मिनिटाचे ठोके लिहायचे. शनिवार-रविवारी रिसॉर्टवाले डीजे लावतात, त्यानं या जिवांचं काय होतं ते बघायचं आहे.

हीच पट्टी आधी पुण्यात लहान मुलांच्या हृदयासाठी वापरून बघितली होती, असं मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. मला ती पट्टी ठाऊक आहे हे बोलले नाही.

दिशाच्या छातीवर तीच होती, सात महिने. माझी लेक, अकरा वर्षांची होती, गेल्या वर्षीच्या श्रावणात गेली. नाडी रोज मोजायला सांगितली होती, ती मीच मोजायची. चार ठोके सरळ पडायचे, पाचवा हुकायचा. हुकलेल्या जागी मी वहीत टिंब द्यायची. शेवटची अंघोळ घालताना पट्टी आपोआप सुटून हातात आली. वापरलेली टाकून द्या, असं दवाखान्यात आधीच बजावलं होतं. माझ्याच्यानं टाकवली नाही. धुतली, सावलीत वाळवली, डबीत घातली. डबी देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे असते. यांना माहीत नाही.

संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे ओट्यावर लावले. तेल बेतानं घातलं तरी पुरलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आता आकडे सरावाचे झाले. चार नंबरचं शेकरू केंद्रामागच्या जांभळीवरच राहतं, तांबडं, शेपटी हातभर. काल डीजे चालू होता तेव्हा त्याचे ठोके पावणेदोनशेवर गेले. मलाच धाप लागल्यासारखं झालं.

दूध घालायला खालच्या वाडीतल्या रंभाबाई येतात. हे सगळं ऐकून म्हणाल्या, शेकराची नाडी बघाया पुण्याची बाई हाय, आन् माज्या म्हाताऱ्याला तपासायचं तर पौडापत्तुर न्यावं लागतंय, त्याला बी आता झाडावर चढवते. मॅडम इतक्या हसल्या की चहा कपातून सांडला.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पडद्यावर दहा ओळी होत्या.

दहावीला नंबर नाही. मॅडम म्हणाल्या, कुठलीतरी भटकी लहर असेल, वहीत घेऊ नका. त्या जंगलात गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. शेकरूंच्या ओळी घाईच्या असतात. ही सावकाश होती. चार ठोके, मग सपाट. चार ठोके, मग सपाट.

घरी जाऊन डबी उघडली. पट्टी अत्तराच्या कापसावर होती. तिच्याखाली काही नाही, नुसता कापूस. तरी ती वाकत होती. चार वेळा. मग थांबत होती.

डबी दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसले. भाजी करपली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पडद्यापुढे स्टूल नेऊन ठेवलं आहे. मॅडमना वाटतं काकू कामाच्या पक्क्या. त्या बिननंबरच्या ओळीचे ठोके मिनिटाला चौऱ्याण्णव होते, आज एकशे दोन आहेत. ती बरी असायची तेव्हा एवढेच असायचे. दिशाची जुनी वही काढून ताडून बघितलं. तशाच टिंबांनी पान भरतं.

रोज थोडा वेळ बोलते तिच्याशी. धरणाबद्दल सांगितलं. तिला पाणी आवडायचं.

चार नंबरची ओळ आज सकाळी सरळ रेघ झाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला होता, कहाणी वाचत होते, तोवर रंभाबाई पाटी घेऊन आल्या. पाटीत पोत्याखाली चार नंबरचं शेकरू. त्या म्हणाल्या, खळ्यात पडलं वरनं, अंगाला वळ न्हाई की रगात न्हाई, झोपल्यावानी हाय बगा. ओळ थांबून आठवडा झाला होता, तरी अंगाला वास नव्हता.

मॅडम पाटीशी बसून रडल्या. म्हणाल्या, आणखी दोन गेली तर परवानगी रद्द होईल आणि यंत्र पुण्याला परत न्यावं लागेल. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मनात एकच आलं, यंत्र गेलं तर तिची ओळ जाईल. देवीपुढे बसून मी असा विचार केला.

१ डिसेंबर, सोमवार

मॅडम बैठकीसाठी आठवडाभर पुण्याला आहेत, हे जीप घेऊन तिकडेच. यंत्राच्या पोटातली नोंद महिनाअखेरीला तपासतात, रोजचा भरवसा माझ्या वहीवर. मॅडम संध्याकाळी फोन करून आकडे विचारतात.

दोन आणि सात नंबर काल बंद पडले. मी परवाचे आकडे सांगितले. वहीतही तेच लिहिले. जन्मात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला. मॅडम म्हणाल्या, काकू, तुम्ही आहात म्हणून मी निवांत.

दिशा एकशे अकरा.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. उपवास. पडद्यावर चारच शेकरू उरली.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. इतके दिवस जे बघायचं टाळलं ते तारखेसकट समोर आलं. ज्या दिवशी एक बंद पडतं त्या दिवशी तिचे ठोके वाढतात. इकडून जे जातं तेच तिकडे येतं. हिशेब चोख आहे.

रंभाबाई म्हणाल्या, झाडं लई मुकी झाल्यात औंदा. मी दूध घेतलं, आत आले.

देवापुढे हात जोडले. काय मागायचं ते कळेना.

७ डिसेंबर, रविवार

मॅडम परत आल्या. पडद्यावर शेकरू एकही नाही. यंत्रच बिघडलं असेल म्हणाल्या, आणि तपासायला एक नवी पट्टी स्वतःच्याच छातीला लावली. मी नको म्हटलं. हसल्या.

त्यांच्या पट्टीला दहा नंबर दिला, मिनिटाला बहात्तर. सुंदर ओळ होती.

संध्याकाळी पाचला तीच ओळ — चार ठोके, मग सपाट.

८ डिसेंबर, सोमवार

ओट्याच्या तीन पायऱ्या चढून मॅडम खाली बसल्या. नखं निळसर. जागरण झालं म्हणाल्या. दिशाही असंच काहीतरी सांगायची, शाळा बुडू नये म्हणून.

पट्टी काढा म्हटलं. म्हणाल्या, काकू, ती कालच काढली, तुमच्यासमोरच्या डब्यात आहे.

दहा नंबरची ओळ तरी चालूच.

त्यांच्या आईचा फोन आला. खोलीबाहेर ऐकू येत होतं, जेवलीस का विचारत होत्या.

डबी घेऊन धरणावर गेले. पाण्यात गुडघाभर उभी राहिले. डबीतून हाताला लागत होतं, एक, दोन, तीन, चार. एकदा राख सोडली आहे या हातांनी. दुसऱ्यांदा —

परत आले.

९ डिसेंबर, मंगळवार

मॅडम उठल्या नाहीत. रंभाबाई त्यांच्याजवळ बसल्या आहेत. हे डॉक्टरला आणायला पौडला गेले.

अंघोळ केली. डबीतली पट्टी माझ्या छातीला लावली. आपली आपण बसली, ओळखीच्या जागी बसावी तशी. दिशा पोटात होती तेव्हा माझ्याच रक्तावर तिचं काळीज चाललं होतं. दुसऱ्यांच्या लेकरांचं घ्यायचं काय कारण —

पाच वाजता दहा नंबर: पाचवा ठोका पडला. सहावा पण. मॅडमनी पेज मागितली.

१० डिसेंबर, बुधवार

दिशा एकशे वीस. मी चौपन्न.

वहीतले खोटे आकडे लाल शाईनं खोडून खरे लिहिले. मॅडम, वही टेबलावर आहे. मला माफ करा असं लिहवत नाही — शेकरूंनी माझं काय वाईट केलं होतं.

मॅडम ओट्यावर उन्हात बसल्या. चार घास जेवल्या.

११ डिसेंबर, गुरुवार

घट मांडला. फुलं वेचताना दोनदा बसले.

मी एकेचाळीस.

यांना — दूध आता अर्धाच लिटर सांगा. दिशाचा फोटो ट्रंकेत आहे, बाहेर काढा, आता बघवेल. पट्टी माझ्याबरोबरच जाऊ द्या. अंघोळ घालताना सुटली तरी कुणी ठेवून घेऊ नका. धुऊ नका —

दुपार. स्टुलावर आहे. पडद्यावर तिची ओळ बारीक होत चालली आहे, माझ्याबरोबर. आतून ऐकू येते पण. घाबरलेली नाही. डावा हात नाडीवर, उजव्यानं लिहिते —

एक दोन तीन चार •
एक दोन तीन चार •
एक दोन तीन चार •
एक दोन तीन चार