गुरुवार सोडून

प्रिय धाकट्या,

अठरा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, तेवढं मला दिसतं. म्हणून शेवटी कागद पुढे ओढला. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. समोर सकाळच्या रक्ताच्या नळ्या आहेत, डबा तसाच बंद आहे. आधी बाबांचं सांगते, उगाच तुझा जीव टांगणीला नको. बाबा पडले नाहीत, आजारी नाहीत. पण ठीक आहेत असंही माझ्याच्याने लिहवत नाही. पुढचं सावकाश वाच.

तुला फोनवर अर्धवटच कळलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते. दोन महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी बाबांच्या दाराची बेल वाजली. दारात इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात फाइल घेतलेला माणूस. मागच्या गल्लीत काम चाललंय म्हणाला, वरून तुमचं छप्पर दिसलं, काही कौलं सरकलीत, म्हटलं काकांना सावध करावं. मग प्यायला पाणी मागितलं. पाणी पिताना आईच्या फोटोपुढे उभा राहिला आणि विचारलं, किती वर्षं झाली? बाबांना हे कोण विचारतं रे आता? त्यांनी त्याला हॉस्पिटलापासून सगळं सांगितलं. अर्धा तास त्या माणसाने कामाचा शब्द काढला नाही. तोवर त्याची दोन माणसं शिडी लावून वर गेली होती. खाली येऊन त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला: काळा पडलेला, भुसा झालेला वासा. फाइलवाला हळूच म्हणाला, “काका, हे डोक्यावर घेऊन झोपता तुम्ही?” गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा स्टुलावरसुद्धा चढत नाहीत. वर जाऊन बघणार कोण? त्यांनी सही केली.

तिथून घराला रोगच लागला. छपराचं झालं तर पन्हळ गळकी निघाली, पन्हळ बदलली तर भिंतीत ओल सापडली, ओलीच्या मागे न्हाणीघराचे पाइप. माणसं कधी सोमवारी यायची, कधी मंगळवारी, एकदा रविवारीही आली. मी जाते गुरुवारी. गुरुवारी शिडी नाही, सिमेंटचं पोतं नाही, फरशी पुसलेली. फक्त एकदा कुंड्यांजवळ कौलांचे तुकडे दिसले. बाबा म्हणाले, मांजराने पाडली असतील. मी हसले, म्हटलं तुमच्या मांजराला व्यायामशाळेत घाला. त्या हसण्याची आता इतकी लाज वाटते म्हणून सांगू!

मग त्यांचे फोन यायला लागले. सकाळी सातला, दुपारी, मी सुई हातात धरलेली असताना. एकच प्रश्न, फिरवून फिरवून: झोपेत छत अंगावर पडल्याचं कुठे ऐकलंयस का गं? एका गुरुवारी गेले तर त्यांनी पलंग ओढून स्वयंपाकघरात आणला होता, ओट्याला चिकटवून, कारण फाइलवाल्याने सांगितलं होतं की तेवढाच भाग त्यातल्या त्यात बरा. ऐंशीच्या घरातला माणूस, एकट्याने पलंग ओढतो! तेव्हा कुठे त्यांनी मला थोडंसं सांगितलं, आणि त्याच दिवशी मी तुला फोन केला. आठवतं? तू म्हणालास, “ताई, बाबा काय लहान आहेत का? जुनं घर आहे, काम निघणारच. करू दे त्यांना.” तू या क्षेत्रातला, म्हणून मी गप्प बसले. खरं सांगू, मला बरंच वाटलं. कुणीतरी जाणत्याने काळजी करू नको म्हटलं की आपण किती पटकन ऐकतो! त्यानंतर तू फोन उचलला नाहीस.

गेल्या शनिवारी शेजारच्या नर्सबाईंचा फोन आला. त्या उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्या वडिलांना ते लोक गाडीत बसवून बँकेत घेऊन गेलेत, आणि बाबांच्या हातात घराच्या कागदांची पिशवी आहे.” माझ्यासमोर एक बाई दंडाला पट्टा बांधून बसली होती. तिचं रक्त मी नीट घेतलं, कापूस लावला आणि तशीच बाहेर पडले. वाटेतून सुतारमामांना फोन केला, आपला माळा ज्यांनी केला ते. मी रिक्षाने पोचेपर्यंत ते सायकलवरून येऊन फाटकाशी उभे होते.

देवाची कृपा म्हण किंवा त्या बँकेतल्या मुलीची. तिने बाबांना सांगितलं होतं, आजोबा, मुलीला नाहीतर मुलाला घेऊन या, मग बघू. त्यामुळे सगळे हात हलवत परत आले होते. फाइलवाला जेवणाच्या टेबलाशी बसून बाबांना घरावर दुसऱ्या बँकेतून कर्ज कसं मिळेल ते समजावत होता. मी दारात दिसले तशी बाबांनी मान खाली घातली, शाळेतून चिठ्ठी आणलेल्या पोराने घालावी तशी. मी काही बोलायच्या आत सुतारमामा उघड्या फाइलीतला त्या वाशाचा छापील फोटो निरखून, कुणाला न विचारता त्या लोकांच्याच शिडीवरून वर गेले. वीस मिनिटं वर नुसती ठकठक. तेवढा वेळ फाइलवाला माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. मामा खाली आले, हात झटकले आणि म्हणाले, “वासे दगडासारखे आहेत. कौलं मात्र हातोडीने फोडलीत, कडा अजून कोऱ्या आहेत. आणि साहेब, तुमच्या फोटोतला वासा चौकोनी. या घरात एकूण एक वासा गोल आहे.” घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ना? आपले वासे जागच्या जागी होते रे. फाइलवाला गोड हसला, गाडीतून ऑफिसला फोन करून येतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. त्याची माणसं शिडी घेऊन मागोमाग पळाली. फाइल टेबलावर राहिली.

मला वाटलं होतं, बाबा चिडतील, निदान रडतील. ते उठून चहाचं आधण ठेवायला गेले आणि डब्यात साखर आहे की मीठ ते बोटाने चाखून बघायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना दिसत नाहीये, धाकट्या. वर्षभर दिसत नाहीये. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, ज्यांच्या नजरेतून एक अनुस्वार सुटला नाही, त्यांना त्या करारातलं अक्षर लागत नव्हतं. फाइलवाल्याने “वाचून दाखवू का काका?” विचारलं आणि त्याला हवं ते वाचलं. बाबा मान हलवत राहिले. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, “डोळे गेले म्हटलं असतं तर तुम्ही दोघांनी मला एकट्याला राहू दिलं नसतं.” डॉक्टरांना दाखवलंय. मोतीबिंदूच आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. पलंग मी आणि नर्सबाईंनी परत खोलीत लावला, पण बाबा त्यावर पाठ टेकून छताकडे तोंड करत नाहीत, कुशीवर निजतात. वासे भक्कम आहेत हे मामांनी तीनदा सांगून झालं. आणि मला बजावलंय, धाकट्याला यातलं काही कळू देऊ नकोस, मुलगा घरदुरुस्तीच्या कंपनीत आणि बाप फसला, चारचौघांत त्याला खाली बघावं लागेल.

तरी लिहितेय, कारण ती फाइल मी उघडली. करारांच्या खाली एका पानाची झेरॉक्स आहे. बारा नावं, पुढे रकाने: वय, घर कुणाचं, सोबत कोण, कधी जावं. अक्षर तुझं आहे. बाबांनी गिरवून घेतलेलं तुझं अक्षर मी ओळखणार नाही होय? चौथ्या ओळीत बाबा. “घर स्वतःचं. एकटे. गुडघ्यामुळे वर चढत नाहीत. गुरुवार सोडून.” मी ते शेवटचे दोन शब्द इतक्यांदा वाचलेत की आता कॅलेंडर बघवत नाही. नोकरीला लागताना सगळ्यांकडून अशी यादी घेतात असं तू मागे म्हणाला होतास, मला आठवतंय. कशासाठी घेतात हे तुला ठाऊक नसेल, असं मी स्वतःला रोज सांगते. पण मग तू फोन का उचलत नाहीस? यादीतल्या मावशीला मी काल फोन केला. ती म्हणाली, एक सज्जन माणूस येऊन गेला, पाणी मागितलं, उद्या शिडी घेऊन येणार आहे. तिला दार उघडू नको म्हणून सांगितलंय. तुझ्या गणिताच्या सरांचं अर्धं छप्पर उघडं पडलंय, ते माझ्याशी धड बोललेही नाहीत. पोलिसांनी सगळे कागद सोमवारी मागितलेत. ते पान अजून माझ्या पर्समध्ये आहे. तू रविवारी ये आणि सोमवारी माझ्याबरोबर चल, ते पान तू स्वतःच्या हाताने दे. नाही आलास तर मी देईन, आणि डोळ्यांची पट्टी निघाल्यावर बाबांनाही मीच सांगेन. पण ते राहू दे, आधी एक कर. उरलेली नऊ माणसं मला ओळखत नाहीत. मी फोन केला तर त्यांना मीच लबाड वाटेन. तुझा आवाज ते ओळखतात, तुझ्यावर विश्वास ठेवतात, म्हणून तर ती तुझ्या यादीत आली. हे पत्र खाली ठेवलंस की त्यांना एकेकाला फोन कर. शिडी लावू देऊ नका म्हणून सांग. मला नंतर केलास तरी चालेल.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई