कापलेलं बोलणं

८ एप्रिल, बुधवार

रेडिओवाली आली होती. खरंच आली. उत्तराताई, जिचा आवाज मी अकरा वर्षं रोज सकाळी सव्वासातला ऐकते, ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा प्याली. आवाजावरून उंच वाटायची. बुटकी आहे. चष्मा आहे. बोटाला शाई लागलेली.

'आपली वस्ती' म्हणून त्यांचा कार्यक्रम आहे, त्यासाठी. मी केंद्राला पाठवते त्या पोस्टकार्डावरचा पत्ता शोधत बसने आली. "काकू, जनवाणी केंद्रात तुमचं अक्षर सगळे ओळखतात," म्हणाली. दहावी पास बाईचं अक्षर— सरकारी रेडिओच्या हापिसात ओळखतात!

मग माझं तोंड सुटलं. हे गेले त्याला तीन वर्षं झाली, घरात ऐकायला भिंती. नळ आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू लावलं ते सांगितलं. पौषापासून नळातून नुसती हवा येते ते सांगितलं. पूर्ण वस्तीत, आमच्या ले-आउटमध्ये, ऐंशी घरं आणि रोजचे दोन टँकर, म्हातारी माणसं बादली धरून उन्हात उभी— सगळं सांगितलं. बोलणं रेकॉर्ड करून घेतलं तिनं. जाताना वाकून नमस्कार केला पोरीनं.

रविवारी लागणार. ती गेल्यावर तिचा कप लगेच विसळला नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

सगळ्यांना सांगून झालं. समोरची बायजाबाई म्हणाली, "आमच्या घरी रेडिओ कुठं आहे वं? मोबाईलवर लागते का तो?" वामनराव मास्तर (रिटायर झाले तरी मास्तरच) म्हणाले, माझा रेडिओ ओट्यावर आणतो, सगळे मिळून ऐकू. भागीरथाबाईंचं नाव झालं पाहिजे.

अश्विनला फोन केला. शिफ्टमध्ये होता. "ठीक आहे आई, ऐकतो." ऐकणार नाही. मिहानच्या कंपन्यांजवळ राहायला गेल्यापासून त्याला रेडिओ म्हणजे म्हाताऱ्यांचा रोग वाटतो.

१२ एप्रिल, रविवार

लिहायला हात होत नाही.

मास्तरांच्या ओट्यावर बारा-तेरा बायका. मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते, कशाला कोण जाणे, रेडिओत साडी दिसते का. सव्वासात. उत्तराताईनं नाव घेतलं— भागीरथा ठाकरे, मातोश्री ले-आउट. मग माझा आवाज. "नळ आला तेव्हा मी नळाला हळदकुंकू लावलं. देवच पावला. आमच्या बायामाणसांची पायपीट थांबली. ज्यांनी पाणी आणलं त्यांचे उपकार." मग घरातल्या तुळशीबद्दल थोडं. मग गाणं.

संपलं. तीन मिनिटं. टँकर नाही, पौष नाही, काही नाही.

बायजाबाई माझ्याकडे बघत राहिली. "काहून वं भागीरथा? कोणाच्या घरी आहे पाणी? तुह्या एकटीच्या?"

मी म्हटलं, मी सांगितलं होतं सगळं, त्यांनी कापलं. सगळ्या जणी कळशा उचलून गेल्या. टँकरची वेळ झाली होती.

घरी येऊन रेडिओ लावला नाही. पहिला रविवार.

१५ एप्रिल, बुधवार

पाणीखात्याचा साहेब आला होता. बायकांनी घेरलं त्याला. तो हसून म्हणाला, "अहो, तुमच्याच बाईनं रेडिओवर सांगितलं, पायपीट थांबली. वरच्या साहेबांनी ऐकलं. जिथं खरी टंचाई आहे तिथं टँकर नको का द्यायला?"

उद्यापासून दोनाचा एक टँकर.

मी दारातच होते. आत गेले. जप केला, पण मणी कुठं मोजले आणि कुठं नाही, कळलं नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

टँकरवर माझा नंबर आला तेव्हा पाइप पुढे गेला. कोणी ओढला ते पाहिलं नाही मी. मागून आवाज आला— "नावाची भागीरथा. गंगा आणली, पण रेडिओवर." सगळ्या हसल्या. टोमणा चांगला होता. दुसऱ्या कोणाला मारला असता तर मीही हसले असते.

अर्धी बादली मिळाली.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया

यांच्या नावाची घागर भरायची. दरवर्षी काठोकाठ भरते, वर खरबूज ठेवते. कितीही अडलं तरी पाणी उधार घ्यायचं नाही, असं हे म्हणायचे. आज कोणाकडे मागणार होते तरी कोण देणार होतं? दुकानातून पाण्याचा कॅन आणला. तीस रुपये. विकतच्या पाण्यानं पितर तृप्त होतात का, ते पोथीत कुठं लिहिलेलं नाही.

जेवायला एक पान यांचं, एक माझं. समोर कोणी नाही. पुरणपोळ्या दोन केल्या. एक उरली.

२१ एप्रिल, मंगळवार

अश्विन आला. न सांगता. कोणीतरी त्याला सांगितलं असावं की तुझ्या आईशी ले-आउट बोलत नाही.

बूट काढता काढताच सुरू— "आई, तू समजूनच नाही घेऊन राहिली. तो सरकारचा भोंगा आहे. ज्याची सत्ता, त्याचं भजन. अन् चालते कोणाच्या पैशावर? माह्या पगारातून टॅक्स कापते, त्यावर."

मी म्हटलं, तुझा कापतात, मी कुठं टॅक्स भरते?

"तू साबण आणते ना? तेल आणते? त्यात भरूनच राहिली तू. रोज."

हिशेबाची वही काढून पाहिलं मी, साबण, तेल, चहापत्ती, बिस्किटं. तेहतीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे, त्यात सरकारचा वाटा कधी वेगळा लिहिला नाही. म्हणजे त्या रेडिओत माझाही एखादा खिळा असेल. मग माझं बोलणं माझ्याच खिळ्यावर टांगून अर्धं का कापलं?

हे म्हटलं तर तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला माझ्यासमोर. म्हणाला, हेच बोल, मी व्हिडिओ घेतो. खुर्चीवर बसवलं, मोबाईल समोर धरला. मी बोलले— टँकर, पौष, ऐंशी घरं, सगळं. "आईचा आवाज कापला" असं वर लिहून तो इंटरनेटवर टाकून दिला त्यानं.

रात्री जेवून गेला. राहा म्हटलं. शिफ्ट आहे म्हणाला.

२३ एप्रिल, गुरुवार

चार हजार लोकांनी पाहिला म्हणे माझा व्हिडिओ. बायजाबाई दारात आली, हातात कैरीच्या लोणच्याची वाटी. "मले आधी काहून नाही सांगितलं वं, कापलं म्हणून?" सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं नाही. पण वाटी घेतली. रिकामी परत देऊ नये म्हणून गूळ घालून दिली.

२४ एप्रिल, शुक्रवार

मास्तरांच्या ओट्यावर बैठक. अश्विन सुट्टी काढून आला. मास्तर आणि तो, दोघांची चांगलीच जुंपली.

अश्विन— "बंदच करा हा रेडिओ. लोकांच्या पैशानं लोकांशीच खोटं बोलून राहिले."

मास्तर— "बंद करा म्हणणं सोपं आहे बाबू. तुमची ती खासगी चॅनलं या ले-आउटमध्ये कधी आली सांग. इथं कोण जाहिरात देणार, टँकरवाला? माईक घेऊन आली ती सरकारी रेडिओचीच पोरगी आली."

"आली आणि काय केलं? अर्धं कापलं."

"म्हणून तर भांडायचं. घर गळते म्हणून घर पाडतो का आपण? अन् हे आजचं नाही. आधीचे होते तेव्हा त्यांचं भजन होतं. तेव्हा तू शाळेत होता, तुले गोड वाटे."

बायजाबाई मध्येच— "तुमचा टॅक्स राहू द्या गा दोघांचाही. टँकर कधी वाढते ते सांगा."

सगळे हसले, मीपण. शेवटी अर्ज लिहायचा ठरला. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच लिहिला. "श्रीमती ठाकरे यांचे पाणीटंचाईविषयीचे बोलणे हेतुपुरस्सर वगळण्यात आले." हेतुपुरस्सर हा शब्द मास्तरांचा. एकसष्ट सह्या झाल्या.

लिहिताना उत्तराताईचं शाई लागलेलं बोट आठवलं. वरून कोणी सांगितलं असेल तिला. गरीब दिसते.

२७ एप्रिल, सोमवार. एकादशी

उपाशीपोटी केंद्रावर गेलो, मी, मास्तर, बायजाबाई, अश्विन. अकरा वर्षं ज्या पत्त्यावर कार्ड टाकलं ती इमारत पहिल्यांदा पाहिली. पोपडे निघालेले. दारात कुत्रं झोपलेलं. मला वाटलं होतं, मोठं काहीतरी असेल.

उत्तराताईची ड्यूटी नव्हती. महिन्यात सहाच ड्यूट्या असतात म्हणे तिला, पक्की नोकरी नाही. साहेब वयस्क होते, सभ्य. अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "वेळेसाठी थोडं कापावं लागतं. पण टंचाईचं बोलणं मुद्दाम काढलं असेल तर ते गंभीर आहे. बाई, तुम्ही नक्की बोलला होतात?"

मी म्हटलं, आज एकादशी आहे. देवाशपथ सांगते, सगळं बोलले होते.

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

३० एप्रिल, गुरुवार

सव्वासातला रेडिओ लावला. आवाज वेगळा. कोणी मुलगा होता, भरभर बोलतो.

मास्तरांना केंद्रातून फोन आला. चौकशी होईपर्यंत उत्तराताईच्या ड्यूट्या थांबवल्या आहेत. अश्विन फोनवर म्हणाला, "पाहिलं? हलले ना?" पेपरातही येणार म्हणे.

मला जेवण गेलं नाही. पण चुकीचं काय केलं? खोटं तर बोलले नाही.

२ मे, शनिवार

आज टँकरवर पहिला नंबर मला दिला. दुपारी बायजाबाईच्या गच्चीवर पापड लाटायला नेलं. सात जणी होतो. कोणी नवऱ्याची नक्कल केली, कोणी सुनेची. माझ्या मांडीवर कोणाचा तरी नातू झोपून गेला. यांच्यामागं इतक्या बायकांत बसले नव्हते मी. घरी आले तर अंगाला उडदाचा वास होता. साडी बदलली नाही.

बुधवारी मोर्चा ठरला आहे. आधी रेडिओ केंद्र, मग पाणीखातं. बायजाबाई म्हणाली, "भागीरथाच समोर चालन. तिचाच आवाज कापला."

५ मे, मंगळवार

उत्तराताई आली होती. भर उन्हात. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पाणी दिलं तर घोटभर घेतलं, बाकीचं परत दिलं— "ठेवा काकू, तुमच्याकडे कमी आहे."

मला वाटलं भांडेल. नाही भांडली. एक छोटं कार्ड दिलं, नखाएवढं. "तुमच्या रेडिओत लागतं हे. त्या दिवशीचं सगळं आहे, न कापलेलं. साहेबांनी अजून मूळ रेकॉर्डिंग काढलं नाही, उद्या काढतील. त्याआधी तुम्ही ऐकावं असं वाटलं."

मी विचारलं, वरून सांगितलं होतं ना गं तुला, कापायला?

ती म्हणाली, "तुम्ही ऐका काकू." आणि बसथांब्याकडे चालायला लागली. छत्री नव्हती.

६ मे, बुधवार

पहाटे आंघोळ करून कार्ड लावलं. साडेसात मिनिटं. दोनदा ऐकलं.

टँकर नाही. पौष नाही. ऐंशी घरं नाहीत. ते सगळं मी चहा उकळताना बोलले, मशीन लागायच्या आधी. मशीनमध्ये ती विचारते, "आणि काकू, मघाशी पाण्याची अडचण म्हणालात, ती सांगा ना." थोडा वेळ नुसती खरखर. मग मी, पाहुण्यांशी बोलते त्या आवाजात— "नाही नाही, अडचण कसली. महाराजांच्या कृपेनं सगळं ठीक आहे. तुम्ही पोहे घ्या."

ती पुन्हा विचारते. मी पुन्हा पोहे.

बायका दहाला येणार. मला समोर चालायचं आहे. आल्या की आधी आत बसवणार सगळ्यांना. पंखा बंद करून ठेवला आहे, शब्द न् शब्द ऐकू यावा म्हणून.