पाकिटांची अदलाबदल

२ जून, सोमवार
या शहरात दहाचं नाणं कोणी घेत नाही. भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, चहावाला तर मी खिशातून विंचू काढलाय अशा नजरेनं बघतो. चलन नाकारणं गुन्हा आहे, हे मी आज नवी पेठेत तिघांना समजावलं. तिघांनीही पुढं व्हायला सांगितलं. ज्याच्याकडं अशी सहा नाणी साठली आहेत त्या माणसानं जावं कुठं? लॉटरी सेंटरचा चनबसप्पा घेतो. हसत घेतो. वर कानडीत "बर्री सावकार", या मालक, म्हणून खुर्ची देतो. म्हणजे आज मी लॉटरी खेळलो असं नाही. नाणी मोडली.
नंतर चारशे गेले. त्या मात्र नोटा होत्या.

३ जून, मंगळवार
पूनम आरोहीला घेऊन माहेरी करकंबला गेली, त्याला पंधरवडा होईल. कारण क्षुल्लक. पोरीच्या बारावीच्या क्लासची फी मी दुप्पट करायला नेली होती. आता फीसाठी बाजूला काढलेले पगारातले तीन हजार रविवारपर्यंत शाबूत राहिले तर मायलेकी परत येणार, नाहीतर आरोहीचं कॉलेज तिकडंच. हे ठरवताना मला कोणी विचारलं नाही.
संकल्प : लॉटरी बंद. कायमची. अवघड नाही, याआधी चार वेळा केलंय.

४ जून, बुधवार
अशा वेळी आधार घ्यावा म्हणतात. व्यसन सोडवणाऱ्या हेल्पलाइनला फोन लावला. रेकॉर्डवरची बाई म्हणाली, प्रतीक्षेत तुमचा क्रमांक सतरा आहे. फोन ठेवला आणि सतरावर वरखर्चातले शंभर लावले. एकाहत्तर आला. म्हणजे मार्गदर्शन बरोबर होतं, माझ्याकडून उलटं घेतलं गेलं.

५ जून, गुरुवार, सकाळ
आधार सापडला. ज्ञानू. आमच्याच दुकानात साड्या दाखवतो, मी बिलं करतो. चनबसप्पाच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बुडालो. त्यालाही सुटायचंय. माझी योजना : पाकिटं बदलायची. माझे तीन हजार त्याच्याकडं, त्याचे आठशे माझ्याकडं. माणूस स्वतःचे पैसे उडवतो, दुसऱ्याचे जपतो. ज्ञानू म्हणाला, लई डोकं हाय तुमाला, अण्णा. हे खरं आहे.

संध्याकाळी
सेंटरवरून गेलो. आत नाही गेलो. बाहेर उभं राहून निकालाचा बोर्ड वाचला. नुसतं वाचन.

६ जून, शुक्रवार
ज्ञानूचे दोनशे गेले. माझा एक रुपया गेला नाही. योजना माझ्यापुरती यशस्वी.

७ जून, शनिवार
दोनशे भरून काढायला सहाशे लावावे लागले. यात माझा स्वार्थ काहीच नव्हता. जिंकलो असतो तर गुपचूप पाकिटात परत ठेवले असते, उपकार सांगितले नसते.
जेवण गेलं नाही. उकाडा. आरोहीच्या टेबलावर तिचा कंपास उघडा पडलाय, ती गेल्यापासून तसाच. बंद करायला हात होत नाही.
एकच आशा आहे. ज्ञानूनंही माझे उडवले असतील. मग फिट्टंफाट.
पोरीच्या फीचे पैसे गेलेले असावेत, अशी आशा. मीच लिहिलंय.

८ जून, रविवार
ज्ञानू सकाळीच दारात. माझे तीन हजार जसेच्या तसे, रबर बँडसकट. त्याच्या घरची लाईट तोडायला माणूस येऊन गेलाय, पाकीट हवं म्हणाला. इतके दिवस कसं जमलं, मी विचारलं.
"मी कुटं ठिवलं? त्याच दिवशी आईकडं दिलं की. माजा काय भरोसा हाय व्हय, अण्णा?"
त्याला बसवलं. चहा टाकतो म्हणून आत गेलो. तेवढ्यात पूनमचा फोन. तीन हजार आहेत का, एवढंच विचारलं. हातातच होते. हो म्हटलं असतं तर त्या घटकेला खोटं नव्हतं.
"बावीसशे," मी म्हणालो.
मागून आरोही विचारत होती, बाबा काय म्हणतात. मग पूनम म्हणाली, "उद्या आरोही एकटीच येईल बसनं. तिच्या हातात दे." स्वतः कधी येणार ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.
चहा उतू गेला. गॅस बंद केला. शंभराच्या आठ नोटा ज्ञानूच्या पाकिटात घातल्या, बाहेर येऊन पाकीट त्याला दिलं. त्यानं मोजल्या नाहीत.