बिनपायरीचं घर

ओउलू, ८ ऑगस्ट २००३

चि. मार्ती यास हिल्काताईचे अ. आ.

तुझी लेक इन्का उद्याच्या गाडीने निघते आहे. सुट्टीभर माझ्याकडे होती, पण दम्याचा पंप तिने हातातसुद्धा धरला नाही. चार मजले धावत चढायची आणि मी मागून धापा टाकत यायची. मग तुमच्याकडेच तिला खोकला का लागतो? ती आली त्या दिवशी पिशवी उघडली, तर कपड्यांना कुबट वास होता. तुला तो येणार नाही, कारण तू त्यातच मुरला आहेस. लोणच्याला कुठे मिठाची चव कळते? घर तपासून घे. तुझ्या बायकोलाही, सेइयालाही वाचायला दे हे पत्र, नाहीतर तू खिशात घालून विसरशील.

बाबांना वृद्धाश्रमात भेटलास की माझा नमस्कार सांग.

तुझी,
हिल्काताई

कौहावा, १९ ऑक्टोबर

ती. ताईस मार्तीचा सा. न. वि. वि.

तुझ्या मनासारखं झालं. घर तपासणारा माणूस बुरशी हुंगणारी कुत्री घेऊन आला. घरभर शेपटी हलवत फिरली आणि इन्काच्या पलंगाच्या उशाशी जाऊन बसली. बसली म्हणजे सापडली. त्याने तिथे भिंतीला भोक पाडून आतलं लाकूड काढलं, ते काळं आणि भिजलेल्या पावासारखं मऊ. तुकडे प्रयोगशाळेत पाठवले. काल उत्तर आलं, बुरशीच आहे.

दोष बांधणीत आहे म्हणे. भिंतीचं लाकूड बाहेरच्या मातीपेक्षा खाली बसवलंय, त्यामुळे ते वर्षानुवर्षं ओल पितंय. तुला तर आठवत असेल, आईचा खुबा अधू, म्हणून दाराला एकही पायरी नको, जोतं जमिनीच्या बरोबरीला हवं, असा बाबांचा हट्ट होता. साऱ्या गावाने इर्जिक करून, कॉफीच्या किटल्या रिचवत उभं केलेलं घर ते. तपासणारा म्हणतो, सगळ्या भिंती उकला नाहीतर घर सोडा. बाबांना हे कोणत्या तोंडाने सांगू? दर रविवारी विचारतात, छपराला रंग दिलास का म्हणून.

मी न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवलाय. घरातली हवा खेळती राहील. एवढा हिवाळा जाऊ दे. बाबांपाशी अवाक्षर काढू नकोस, एवढी विनंती.

तुझा,
मार्ती

ओउलू, ११ डिसेंबर

चि. मार्ती यास आशीर्वाद.

इन्काला दवाखान्यातून परत माझ्या घरी आणलं. सेइया तिला तुमच्या घरातून इकडे घेऊन आली, तेव्हापासून तिच्याजवळच आहे. तुझ्यावर रागावली आहे आणि मी तिची समजूत घालणार नाही. मी इथल्या जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, त्या पंख्याने घात केला. पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढीच आत ओढली जाते, आणि तुम्ही थंडी नको म्हणून भिंतीतल्या झडपा बंद ठेवता. मग ती हवा आली कुठून? भिंतीच्या फटींतून, पोरीच्या उशाशी.

आणि तू पाठवलेली गोधडी. दोनदा धुतली म्हणालास. पोरीने बाबाची गोधडी म्हणून तोंडावर ओढून घेतली, आणि बघता बघता ओठ निळे पडले. तुझी पत्रं आता मी बाल्कनीत उभी राहून वाचते, बोटं गोठतात. तू आलास तर तुला दारातूनच परत पाठवावं लागेल, तुझ्या अंगालाही तो वास आहे. हे लिहिताना मला रडू येतंय.

बाबांचं मन जप, पण पोरीच्या जिवावर नको. त्यांना सांग आणि घर सोड.

ताई

कौहावा, २८ मार्च २००४

ती. ताईस सा. न.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, जाळून टाका. अग्निशमन दलाची गावातली पोरं सरावासाठी असली घरं घेतात, त्यांना देऊन टाकलं. सामान आतच ठेवलं. माझ्याकडे अंगावरचे नवे कपडे तेवढे आहेत. शनिवारी पेटवलं. ज्यांनी इर्जिकीत तुळया उचलल्या, त्यांचीच मुलं पाण्याचे पाइप धरून उभी होती. बाबा मोटारीत माझ्या शेजारी बसून बघत होते.

डॉक्टरांचं पत्र मिळालं. इन्काला पंप जन्मभर लागेल. दोन महिने आधी निघालो असतो तर, असं सेइया म्हणते.

एक सांगायचं राहिलं. छप्पर खाली आलं तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, तुझ्या आईचा खोकलाही असाच होता का रे? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. म्हटलं, ताईला ठाऊक असेल. माझं चुकलं. ते तुला फोन करतील.

मार्ती

ओउलू, २ एप्रिल

चि. मार्ती यास,

काल बाबांचा फोन आला. मी तयारीत होते. आईचा खोकला गोठ्यातल्या गवताच्या धुळीचा, तेव्हा डॉक्टर तसंच म्हणाले होते, असं सांगितलं. आवाज नीट ठेवला होता.

ते म्हणाले, हिल्का, त्या घरात राहायला गेलो त्याच वर्षी आपण गाई विकल्या होत्या, तिचा खोकला त्यानंतरचा.

आणि फोन ठेवला. तू हे पत्र मिळताच त्यांच्याकडे जा. एकटं ठेवू नकोस.

ताई