निळीच्या माठासाठी एक हत्ती

११ नोव्हेंबर १९११, शनिवार
सेंट मार्टिनचा सण. अंधार पडला तशी या जर्मन गावातली सगळी पोरं कागदी कंदील घेऊन बाहेर. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन. त्यानं म्हणे थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीनं अर्धा कापून दिला होता. झग्याचा लाल मंजिष्ठेच्या मुळीचा नव्हे, कारखान्याचा. रंगाऱ्याच्या पोटी जन्मलो, मला आधी रंगच दिसतो, काय करू!
घरमालकीण फ्राऊ बेकर. मनातल्या मनात मी काकूच म्हणतो. त्यांची नात लोटे. तिनं माझ्या हातात कंदील दिला नि दरडावलं, "सरळ धरा हेर राव, पेटेल!" हेर म्हणजे यांच्याकडे श्रीयुत. धरला. नदीच्या काठानं दिव्यांची रांग चालली होती आणि पाण्यातून दुसरी तशीच. यंदा नवरात्राआधीच घर सोडलं, म्हैसूरचा दसरा चुकला म्हणून बोटीवर रडलो होतो. आज त्याची भरपाई झाली. पूर्ण नाही. पण झाली.

१९ नोव्हें., रविवार
आज सुट्टी, म्हणून लिहायला सवड. का. मे. म्हणजे कार्ल मेस्त्री, ज्यांच्याकडे काम शिकतोय. त्यांच्याकडे आपल्यासारखेच लाकडी ठसे! तसाच रंग अडवणारा लेप, तसाच निळीचा माठ, फक्त जमिनीत पुरलेला. कापड वर काढलं की आधी हिरवं, मग वाऱ्यानं बघता बघता निळं. लहानपणापासून बघतोय, तरी काल त्यांच्याकडे बघून अंगावर काटा आला. सातासमुद्रांपलीकडे हेच!
एकाच कापडावर दोन निळे, फिका नि गडद, हे त्यांना साधतं, आम्हाला नाही. लेपात काय घालतात ते विचारलं, तर म्हणतात थंडी सरली की सांगेन. वडिलांनी, अप्पांनी, निघताना बजावलंय, "ते शिकल्याबिगर परत यायचं नाही, हां!"

१० डिसेंबर, रविवार
कोलोनला गेलो होतो, काकू नि लोटे बरोबर. स्टेशनातून बाहेर पडलो नि समोर त्यांचं ते येशूचं देऊळ! मान वर करत गेलो, करत गेलो, फेटा मागे पडला. लोटे हसली. अय्यो देवा, दगड इतका वर चढवला कुणी? आत रंगीत काचांतून फरशीवर ऊन पडलेलं. त्या उन्हात हात धरला, हात जांभळा. पाण्याशिवाय रंगवणारे लोक हे. 
मग नाताळचा बाजार. भाजलेले बदाम, मधाच्या मसालेदार वड्या, लाकडाची खेळणी. वडीत दालचिनी नि लवंग! डोळे मिटले, थेट म्हैसूरच्या देवराज मार्केटात. काकू दुकानदाराला सांगत होत्या, "आमचा हिंदुस्थानी पाहुणा. तोंडातून एक खोटा शब्द निघत नाही त्याच्या." छाती फुगली. उगाच.

२४ डिसें., रविवार
झाड घरात! आणि झाडावर पेटत्या मेणबत्त्या! आमच्या गल्लीत कुणी असं केलं तर शेजारी घागरी घेऊन धावतील. काकूंनी घंटी वाजवली, दार उघडलं, लोटे उंबऱ्यातच थिजली. मीही. सगळे गायला लागले. शब्द अर्धे कळले. आईची फार आठवण आली.

८ फेब्रुवारी १९१२, गुरुवार
माठ बिघडला. कडाक्याच्या थंडीनं असेल. वरची तांबूस साय गेली, वास गेला, कापड मळक्या राखेच्या रंगाचं निघतं. का. मे. दिवसभर त्याच्यापाशी बसून. शेवटी म्हणाले, "१९ तारखेच्या, उपासाआधीच्या सोंगांच्या मिरवणुकीच्या आत सुधारला नाही तर ओतून टाकतो. म्हातारा झालो. दुकान बंद करून मुलाकडे जातो. तुम्हीही घरी जा, हेर राव."
घरी. दोन निळ्यांशिवाय. अप्पांना तोंड कसं दाखवू?

१० फेब्रु., शनिवार
केलं. जे अप्पा करतात तेच केलं. माठ बिघडला की रंगाऱ्यानं गावात एक दांडगी थाप सोडायची. लोकांनी ती खरी मानली की माठ सुधारतो. गेल्या खेपेला अप्पांनी सोडली होती, चामुंडीच्या डोंगरावर वाघीण देवळात व्याली म्हणून. अर्धं म्हैसूर पायऱ्या चढून गेलं नि माठ तिसऱ्या दिवशी ताळ्यावर!
तर आज स्वयंपाकघरात काकूंना म्हटलं, सुम्मने, सहज बोलल्यासारखं, की १९ तारखेच्या मिरवणुकीला आमच्या दसऱ्याच्या सवारीतला हत्ती येतोय, रेल्वेनं. काकूंच्या हातातलं भांडं पडलं. शाल घेऊन त्या तडक बाहेर. आई हिंगुळांबा, आम्हा रंगाऱ्यांची कुळदेवी तू, सांभाळ गं.

१२ फेब्रु., सोमवार
साय आली! वासही! का. मे.नी फडकं बुडवून काढलं. हिरवं, मग निळं. त्यांनी माझ्या पाठीवर असा धपका दिला की खोकला आला. मी माठाला हळूच नमस्कार केला. ऊब वाढवली होती, कोंडाही घातला होता, त्यानं झालं असेल. नसेलही.

१५ फेब्रु., गुरुवार
आज बायकांचा दिवस. दिसेल त्याची टोपी पळवायची, असा रिवाज. चौकात माझा फेटा गेला! भाजीवाल्या बाईनं डोक्यावर चढवला, टोक जमिनीवर लोळतंय, दहाजणी मागून नाचताहेत. आपल्याकडे फेट्याला हात लावला तर डोकी फुटतील. मीच हसून हसून खाली बसलो. असले मोकळे लोक मी पाहिले नव्हते. परत देताना ती म्हणाली, "आमच्या पुलाला झेपेल ना हो तुमचा हत्ती?" हसू आटलं.

१७ फेब्रु., शनिवार
थाप वाढत चाललीय. आता हत्ती दोन, बरोबर राजपुत्र. बँडवाले नवी चाल बसवताहेत. शाळेतल्या पोरांनी पताका केल्या. लोटे रोज आपल्या पावाचा तुकडा डब्यात टाकते, "त्याला भूक लागली असेल, लांबून येतोय." 
का. मे.ना सगळं सांगितलं. वाटलं हाकलतील. दाढी खाजवली. म्हणाले, "माझे आजोबा माठाला शिव्या घालायचे. तुमची रीत जास्त सभ्य आहे." मग माठाकडे बघून आवाज खाली आणला, "सोमवारपर्यंत गप्प राहा. चाळीसेक वार कापड बाकी आहे."
म्हणजे तेही थापेवर विसंबले! पण खरं बोललो तर माठ बसला, आणि गप्प राहिलो तर लोटे रडणार. काकूंचा तो "एक खोटा शब्द नाही" तर कानात घणासारखा वाजतोय.

१९ फेब्रु., सोमवार. स्टेशनाच्या बाकावर, पेन्सिलीनं
ठरवलं, सांगायचं. माठ बिघडला तर बिघडला.
सकाळपासून मिरवणूक. काय ती! कागदाचे राजे, पिसांचे कोंबडे, बायका झालेले पुरुष, गाड्यांवरून मिठायांचा पाऊस. टक लावून बघत होतो. मग सगळी वरात वळली ती थेट स्टेशनावर. गाडी आली, गेली. हत्ती नाही. शेकडो तोंडं माझ्याकडे वळली.
मी तिथल्या एका सामानाच्या पेटीवर चढलो. मोठ्यानं म्हटलं, "हत्ती येणार नाही. मी खोटं बोललो. माठ बिघडला होता म्हणून."
 आणि मग एकच हशा! टोप्या हवेत. विदूषकाचं सोंग घेतलेल्या स्टेशनमास्तरनं मला मिठीच मारली. "वा! हेर रावही सोंग करायला शिकले!" अहो खरं सांगतोय, म्हणून ओरडलो तर आणखी हसले. शपथ घेतली, टाळ्या पडल्या. बँडनं नवी चाल सुरू केली. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, दुसऱ्या गाडीनं येईल. एवढं मोठं जनावर, डबा बदलायला वेळ लागतोच."
कुणीही घरी गेलं नाही. थंडीत पाय आपटत उभे आहेत, गाताहेत, एकमेकांना गरम दारू देताहेत. तिकडे कोपऱ्यात का. मे. निळ्या बोटांनी दाढी धरून उभे, डोळे माझ्याकडे. माठाचं काय झालं, त्यांना विचारायचा धीर नाही. मला रागवावं की रडावं कळेना. इतकी माणसं, इतक्या आनंदानं, नसलेल्या हत्तीसाठी! लोटे बाजूला बसलीय, डबा मांडीवर. मी तिला पुन्हा सांगितलं, हळू, एकटीलाच. तिनं माझ्याकडे बघितलं नि म्हणाली, "तुम्ही खूप दिवसांत त्याला पाहिलं नाही ना, म्हणून घाबरलात."
शिट्टी झाली. वळणावर धूर दिसतोय. लोटे बाकावर चढली. वही मिटतो. मलाही बघायचंय.