तिसऱ्या वळणाचा दगड

पायनी गॅप, व्हर्जिनिया
दि. ६ मे १९७४

चि. लॅव्हर्न हिस आजीचे अ. उ. आ.

आजी म्हणजे कोण, आठवतं का? बुटकी, दोन्ही गुडघे कामातून गेलेली, तुझ्या आईची आई. परवाच्या शनिवारी आपल्या ट्रॅकच्या पंचविसाव्या हंगामाची पहिली शर्यत झाली आणि तुझं साधं कार्डही नाही. काउंटी कचेरीत बसून लोकांचे जुने दस्त सांभाळतेस म्हणे. घरचं तेवढं विसरतेस.

पत्र इनेझ लिहिते आहे. ट्रॅकच्या मचाणावर बसून तिने इतकी वर्षं गाड्यांच्या फेऱ्या वहीत मांडल्या, तरी प्रत्येक पान मी तिच्याकडून दोनदा वाचून घेते. दोन्ही वेळा सारखंच वाचलं, तरच पाकिटात घालू देते.

तर तुझ्या डॉर्सीमामाचं काहीतरी शिजतंय. तो हल्ली घरात येताना बूट पुसतो. बेचाळीस वर्षांचा घोडा, जन्मात कधी पुसले नव्हते! मंगळवारी चॉकलेटं घेऊन आला आणि म्हणतो कसा, की आई, एका कागदावर तुझी फुली हवी, ट्रॅकवर नवं डांबर घालायचंय. कागदात काय लिहिलंय विचारलं, तर म्हणे डांबरच आहे सगळं.

मला अक्षर येत नाही, पण खुंट्या वाचता येतात. बुधवारी एक माणूस तिपाईवर दुर्बीण लावून बसला आणि तिसऱ्या वळणावर गुलाबी फितींच्या खुंट्या ठोकून गेला. डांबर घालायचं तर खुंट्या वळणाबरोबर वळायला हव्यात ना? या सरळ चालल्यात, केकमधून सुरी फिरवावी तशा. म्हणजे हा एक तर लंबगोल मोडून दोन-दोन गाड्या पळवायची सरळ पट्टी करणार, नाहीतर घरं बांधणाऱ्या कुणाला विकून मोकळा होणार.

तुझ्या आजोबांनी, गार्लंडने, हा ट्रॅक मक्याच्या शेतात आखला, दोन खुंटे पुरून आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी त्यांना लावून. पाव मैलाचा, नुसता मातीचा. नऊ वर्षं लाल धूळ उडाली. शेवटी एका शनिवारी चर्चमधल्या बायका रविवारचे पांढरे कपडे हातात घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या, सगळे विटकरी झालेले. तेव्हा गार्लंडने डांबर घातलं. सगळं आमच्या जागेत, आमच्या घामाचं. त्यात दुसऱ्या कुणाचं बोटभरसुद्धा नाही.

तेव्हा मामाने कचेरीत काय दाखल केलंय ते गुपचूप बघून कळव. लोभ माझ्याकडे भरपूर आहे; बातमीचीच टंचाई आहे.

तुझी आजी,
व्हेस्टा हॉलिफील्ड (फुली हातची)


एल्क फोर्ड
दि. ११ मे

ती. आजीस लॅव्हर्नचा सा. न. वि. वि.

कार्ड विसरले, कान पकडते. इनेझमावशींना नमस्कार सांग, आणि हे पत्रही दोनदा वाचून घे.

मामाने काहीही विकलेलं नाही. मोजणीचा अर्ज त्याचा नाहीच मुळी. अर्ज ब्यूलाआजीचा आहे, तुझ्या धाकट्या बहिणीचा. ते पाहिल्यावर मला राहवेना. तुझी आज्ञा मोडून मी मामालाच फोन लावला. तो म्हणाला, की यंदा विमावाल्यांनी जागेचा नकाशा मागितलाय. पंधरा जूनपर्यंत दिला नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर फाटकाला कुलूप. त्या सरळ खुंट्या म्हणजे तुम्हा दोघींमधली जुनी हद्द; तिच्याप्रमाणे तिसरं वळण ब्यूलाआजीच्या जमिनीत जातंय. ती तो कोपरा आपल्याला लिहून द्यायला तयार आहे, म्हणूनच मोजणी तिने मागितली; पण कागदावर तुम्हा दोघींची सही हवी. तुझ्या घरात तिचं नाव काढायची सोय नाही, म्हणून मामाने डांबराचं सोंग आणलं. मी त्याला चांगलं झापलंय. आता कागद कचेरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय तुझी फुली लागणार नाही.

एक विचारू? तुझ्या वडिलांनी दोघींना जमीन वाटून देताना मधे हद्दीचा दगड रोवला होता, त्याचं माप दस्तात आहे. दगड आज त्या जागी नाही. अठरा फूट पलीकडे, ब्यूलाआजीच्या बाजूला आहे. दगड चालतात का गं आजी?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
लॅव्हर्न


पायनी गॅप
दि. १५ मे

चि. लॅव्हर्न हिस आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

दगड चालत नाहीत, जिभा चालतात. हिवाळ्यात जमीन गोठली की दगड वर ढकलते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मग बाजूलाही ढकलत असेल. पंचवीस हिवाळ्यांत अठरा फूट म्हणजे काही फार नव्हे. (हे सांगितलं तेव्हा इनेझ लिहायची थांबून माझ्याकडे बघत राहिली. तिला म्हटलं, बघू नकोस, लिही.)

तरी मी म्हणतच होते! ही ब्यूला दर शनिवारी तिच्या बाजूच्या कुंपणाशी खुर्ची टाकून बसते, नेमकी तिसऱ्या वळणासमोर. पंचवीस वर्षांत एक शब्द नाही, एक हात हलवणं नाही. शर्यत बघायला कोण असं बसतं? ती मापं घेत होती. आणि आता म्हणे फुकट देते. फुकट देणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय आहे, ते आधी बघावं.

डॉर्सीने काल कागद खरा खरा वाचून दाखवला. गार्लंड हॉलिफील्डने दगड हलवला, असं त्यात लिहिलंय. मेलेल्या माणसाला चोर म्हणणाऱ्या कागदावर मी फुली करणार नाही. लागू दे कुलूप. डॉर्सी अंगणात जाऊन रडला. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.

लोभाचं नंतर पाहू.

आजी


पायनी गॅप, कुंपणापलीकडून
दि. २० मे

ती. व्हेस्टाताईस ब्यूलाचा शि. सा. न.

इनेझ हे तुला वाचून दाखवील. तिला थांबवू नकोस.

दगड हलला त्या रविवारी मला ताप होता म्हणून मी चर्चला गेले नव्हते. खिडकीतून सगळं पाहिलं. त्याच दिवशी येऊन भांडणार होते. पण पुढच्या शनिवारी माझा क्लेटस तुमच्या ट्रॅकवर गाडी घेऊन उतरला. आठवडाभर गिरणीत राबून मुका झालेला माणूस. त्या वळणावर गाडी घसरवून घरी आला आणि जो बोलत सुटला, तो रविवारी जेवणापर्यंत. मग मी तोंड मिटलं. नवऱ्याचा आवाज ऐकायला मिळत होता, कोपरा गेला तर गेला. तो वारला तरी मी तिथेच बसते. मापं घेत नाही गं.

आता मला शहात्तर संपलं. माझ्यामागे जमीन ओहायोतल्या लेकाला जाईल. तो मोजून घेईल आणि वळण उखडून टाकील. म्हणून जिवंतपणी देते. दगडाचं वाक्य मात्र काढू देणार नाही. ही गोष्ट एकटीलाच माहीत असण्याचा मला कंटाळा आलाय.

तुझा लोभ होता तेवढाच असू दे, वाढवायला सांगत नाही.

ब्यूला


पायनी गॅप
दि. ९ जून

चि. लॅव्हर्न हिस आजीचे अ. उ. आ., या वेळी पुरते.

नेमकी गुरुवारीच तुझी दाढ काढायची निघाली! मला संशय आहे, पण असो. तिथे काय झालं ते माझ्याकडून ऐक, तुझे कचेरीवाले तिखटमीठ लावतील.

मी ब्यूलाच्या पत्रावर दोन आठवडे बसले होते. डॉर्सीने परत एकदाही विषय काढला नाही. फक्त शनिवारी गाड्या गेल्यावर एकटाच ट्रॅक झाडत बसायचा, अंधार पडेपर्यंत. गुरुवारी सकाळी मीच त्याला म्हटलं, गाडी काढ.

कारकुनाने कागद वाचला. ब्यूला समोर बसलेली, हातमोजे घालून, जणू लग्नाला आली आहे. गार्लंडचं वाक्य आलं तशी मी त्या पोराला थांबवलं. म्हटलं, कागद चुकीचा आहे. डॉर्सीचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, तो दगड एका माणसाला हलणारा नव्हता. पहारीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. त्या रविवारी डोकं दुखतं म्हणून मी चर्चला न जाता घरी राहिले होते, आणि डोकं काही दुखत नव्हतं. तेव्हा लिहायचं तर दोघांची नावं लिही, त्याला एकट्याला उभं करू नकोस. कारकून म्हणाला, कायद्याला याची गरज नाही. मी म्हटलं, कायद्याला कोण विचारतंय.

त्याने लिहिलं. दोनदा वाचून घेतलं. मग फुली केली.

बाहेर पायऱ्यांवर ब्यूला म्हणाली, की तिने दोघांनाही पाहिलं होतं. पण जिवंत माणसाचं नाव घालायला तिचा हात होईना. मी म्हटलं, शनिवारी कुंपणाशी बसू नकोस, फाटकातून ये.

काल ती फाटकातून आत आली आणि माझ्या शेजारी बसली. तिसऱ्या वळणावर एक निळी गाडी गरकन फिरली, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि नंतर सोडलाच नाही. हिच्या मनात अजून काहीतरी असणार. मी लक्ष ठेवून आहे.

दाढ बरी झाली की ये. लोभ आहेच, खोटं कशाला बोलू.

आजी

ता. क. पीचच्या मुरांब्याच्या दोन बरण्या पाठव. ब्यूलाला आता दात राहिले नाहीत, तिच्या बरणीतल्या फोडी बारीक चिर.